टचिंग

आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि टचिंगला ह्यांचा हात कोणी धरणार नाही. लोकांचे मुरूम, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं कॉम्प्युटरवर अशी गायब करतात की गिऱ्हाईक खूश. स्वतःच्या डाव्या गालाचं मात्र काही करता आलं नाही. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत कातडी चुरगळून गेली. तिथे हात लावलेला ह्यांना कळत नाही. दाढी करताना कापलं, तर रक्त आधी मला दिसतं.

लेक परदेशात असते, सात वर्षं भेट नाही. तिला दिवस गेले तेव्हा फोनवर म्हणाली, बाबा, या वेळी तरी या. हे "बघू" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. हल्ली ह्यांचं सगळं असंच. वाढलं की जेवतात, दिवे घालवले की झोपतात. मीही त्यांच्यावर चिडायचं सोडून दिलं होतं. भिंतीवर किती चिडणार?

माझा पासपोर्ट झाला. ह्यांचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी सोबत गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज आमच्याकडे फिरवला. ओळखीची खूण: डाव्या गालावर भाजल्याचा डाग. अक्षर ह्यांचंच, सुवाच्य. आणि वर चिकटवलेल्या फोटोत गाल कसा गुळगुळीत!

"काका, हा फोटो तुमचा नाही," बाई म्हणाल्या.

"माझाच आहे," हे म्हणाले. "मीच काढलाय."

लबाडी नव्हती हो. हाताला सवय, हात आपलं काम करून मोकळा झाला होता. बाईंनी सांगितलं, आज नवा फोटो आणा, नाहीतर पुढची तारीख महिन्यानंतरची. लेकीला उरले होते तीन आठवडे.

परतताना रस्ताभर मी तोंडसुख घेतलं. स्टुडिओत ह्यांना स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा मीच उचलला. ह्यांनी नेहमीसारखी मान वळवली.

"समोर बघा," मी म्हटलं. "लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या शेजारी कोणीतरी परकाच उभा आहे. मी संसार ह्या गालाशी केलाय."

ह्यांनी हळूहळू मान सरळ केली. मग समोर बघितलं.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि ह्यांचा हात सवयीने माऊसवर गेला. मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. हे त्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग हात काढून घेतला. "असू दे," म्हणाले, आणि प्रिंट काढली.

पासपोर्ट वेळेत आला, पाठोपाठ व्हिसाही. मी विचारलं, आनंद झाला का? म्हणाले, माहीत नाही, पण हलकं वाटतंय. मला तेवढंही पुष्कळ झालं.

नात पाच दिवसांची असताना लेकीने तिला ह्यांच्या खांद्यावर दिलं, नेमकं डाव्या. पोरीने आपलं तोंड त्या गालाला टेकवलं आणि झोपून गेली. लेक म्हणाली, बाबा, उजवीकडे घ्या, तिकडे तुम्हाला काही कळायचं नाही. हे हलले नाहीत. मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"उबदार आहे का गं तिचा गाल?"

मी हात लावून बघितला आणि हो म्हटलं.

"मग राहू दे इथेच," हे म्हणाले.