न दिसलेला प्रश्न

“मॅडम, लिस्ट पूर्ण हिरवी झाली. आजींना सोडू ना?” सिस्टर अश्विनीने टॅबलेट माझ्यापुढे धरला. मी सही केली.

मुलांनो, निवृत्तीपूर्वी मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलची मेट्रन होते. पेशंटला डिस्चार्ज देण्याआधी टॅबलेटवर चेकलिस्ट भरावी लागे. तिच्यात कंडिशनल लॉजिक होतं, म्हणजे आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरायचा. ‘सोबत नातेवाईक आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं, तरच ‘घरी औषध कोण देणार?’ हा प्रश्न उघडे. ‘हो’ म्हटलं की तो लपे. वेळ वाचे.

त्या आजी म्हणजे कोंडाबाई, माढ्याकडच्या. साखर फार वाढलेली, रोज इन्सुलिन लागणार होतं. नजर अधू, सिरिंजवरच्या रेघा दिसत नसत. सोबतची शांता त्यांची वेणी घालत बसली होती. ते पाहून सिस्टरने न विचारताच ‘हो’वर बोट ठेवलं. इंजेक्शन द्यायलाही शांताच शिकली, अगदी नीट.

निघताना कोंडाबाई म्हणाल्या, “बाई, लई जपलंत. आता काय मी हितं परत येनार न्हाय, बगा.”

“येऊच नका,” मी हसले.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. बेशुद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

शांता मोहोळहून धावत आली. “लेकीच्या बाळंतपनाला गेल्ते वो. रोज टोचत हुते की मी! त्याच म्हनल्या, जा, माजं मी बगीन.”

“घरात दुसरं कोणी नव्हतं?”

“त्यास्नी कोन हाय? मी शेजारीन. दवाखान्यात आमच्याकडं कुनाला एकटं धाडत न्हाईत, म्हनून आल्ते. घरी कोन हाय, ते तुमी इचारलंच न्हाय.”

मग तिने विचारलं, “न्यायच्या आदी येनी घालू का?”

मी पडदा ओढून घेतला.

मीटिंगमध्ये मी तो प्रश्न लपवणारी अट काढायला सांगितली. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, सगळ्यांना सगळं विचारत बसलो तर दुपारपर्यंत बेड रिकामे होणार नाहीत.”

“कोंडाबाईंचा वेळेत झाला होता, सर.”

अट निघाली.

आता तो प्रश्न प्रत्येकाला विचारतात. डिस्चार्जला उशीर होतो, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. पेशंटसोबत कोण आलंय ते आपल्याला दिसतं. घरी कोण आहे ते विचारावंच लागतं.