कार्लटनचा चौकड्यांचा शर्ट

माझा मावसभाऊ क्लाइव्ह पर्किस सोळाव्या वर्षी डोकं भादरून घरी आला, तेव्हा मावशीनं दारातच विचारलं, "उवा झाल्या का रे?" तो नुसता हसला. ते एकोणसत्तर साल. पूर्व लंडनमधल्या आमच्या प्लेस्टोतली अर्धी पोरं तशीच फिरत होती. बारीक केस, चौकड्यांचा शर्ट, घोट्याच्या वर संपणारी पँट, आणि शनिवारी नाचायला जाताना पायात ब्रोग. म्हणजे नक्षीची भोकं पाडलेले, जाड तळव्याचे, गडद लाल बूट.

त्याला हे सगळं शिकवलं कार्लटन पिनॉकनं. दोघं साखर कारखान्यात पोती उचलायला बरोबरच लागले होते. कार्लटनचे आईवडील जमैकाहून आलेले. तिकडच्या गाण्यांवर आमची गोरी पोरं वेड्यासारखी नाचायची, आणि नवी तबकडी कार्लटनकडे सगळ्यांच्या आधी यायची.

"कॉलरला तीन बटणं लागतात," तो क्लाइव्हला बजावायचा. "दोन पुढं, एक मागं. मागचं नसेल तर तो शर्ट नव्हे, पोतं आहे."

दोघांचे शर्ट इस्त्री करायची कार्लटनची आई. दारात उभी राहून म्हणायची, "दोन नवरदेव निघाले. नवरीचा अजून पत्ता नाही!"

पुढं बाकीच्यांनी केस वाढवले, लग्नं केली. हे दोघं बदलले नाहीत. मग काही वर्षांनी भादरलेल्या डोक्यांची दुसरीच टोळकी आली. भिंतींवर 'काळ्यांनो, परत जा' लिहिणारी. लोक क्लाइव्हलाही त्यांच्यातलाच समजायला लागले.

"तुला बघून माझी आत्या रस्ता ओलांडते," कार्लटन हसायचा. "आणि शेजारी मी दिसलो की गोंधळून रस्त्याच्या मधेच उभी राहते!"

ऐंशीच्या वसंतात, एका शनिवारी दुपारी, दोघं बाजारात गेले. क्लाइव्ह खिमा भरलेली गरम पाय-पेस्ट्री घ्यायला दुकानात शिरला. कार्लटन बाहेर थांबला. तिथं त्याला त्या टोळक्यांतल्या चार पोरांनी घेरलं. मासेवाल्यानं नंतर सांगितलं, "पोरं म्हणत होती, आमचे कपडे आहेत हे, काढ अंगातले. त्याला हसू आलं. मग त्यांनी ढकललं." डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं.

क्लाइव्ह बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खाण्याचं गरम पुडकं होतं. ते तो रुग्णवाहिकेतही धरून बसला. इस्पितळात एका नर्सनं ते हळूच काढून घेतलं. कार्लटन शुद्धीवर आलाच नाही.

क्लाइव्ह रडला नाही. सोमवारी कामावर गेला. संध्याकाळी कार्लटनच्या आईनं, मिसेस पिनॉकनं, त्याला बोलावून घेतलं.

"चर्चची मंडळी म्हणतात, सूट घालू. त्यानं उभ्या जन्मात सूट घातला नाही. तू तयार कर त्याला. माझे हात चालत नाहीत, बाबा."

मी त्याच्याबरोबर शवगृहात गेले, पण दारातच थांबले. क्लाइव्हनं कार्लटनच्या अंगात त्याचा चौकड्यांचा शर्ट चढवला, पुढची बटणं लावली. प्रेतं तयार करणारा म्हातारा म्हणाला, "मागचं राहू दे. कुणाला दिसणार आहे?"

"डोकं धरा जरा," क्लाइव्ह म्हणाला.

बूट पायात जाईनात. त्यानं नाड्या पूर्ण काढल्या, चामडं फाकवलं, टाच हळूहळू आत बसवली, मग नाड्या पुन्हा सरळ ओवल्या. शेवटी आपल्या बाहीनं दोन्ही बूट पुसले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"काही नाही. हात गार पडलेत, एवढंच."

अंत्यविधीला चर्चच्या दारात कार्लटनच्या काकानं क्लाइव्हला अडवलं. "हा टकल्या इथं कशाला आलाय?"

"माझ्याबरोबर आहे तो," मिसेस पिनॉक म्हणाली. "सरक."

खटला झाला, पोरं तुरुंगात गेली. क्लाइव्ह कोर्टात रोज बसला. मला म्हणाला, "ढकलणाऱ्याच्या शर्टालाही मागं बटण होतं."

"राग नाही आला?"

"यायला हवा होता."

त्यानंतर तो न्हाव्याकडे गेला नाही. ठरवून नाही, जाणं झालंच नाही. केस कानांवर आले. मावशीनं एकदा विचारलं, "आता कंगवा आणू का?" शर्ट मावशीनं कुणाकुणाला देऊन टाकले, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा तो बसडेपोत गाड्या धुवायला लागला. रविवारी मात्र मिसेस पिनॉककडे जेवायला जायचा. ती राजमा घातलेला भात आणि कोंबडी वाढायची. कार्लटनचं नाव कुणीच काढायचं नाही. जेवण झालं की तो भांडी विसळायचा, ती पुसायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग ती बहिणीकडे, जमैकाला कायमची परत निघाली. तिच्या बॅगा घेऊन क्लाइव्ह विमानतळावर गेला. मीही होते. निघताना तिनं त्याच्या गालाला हात लावला.

"तू अजून रडला नाहीस ना रे?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर बघते जमतंय का."

ती आत गेली. क्लाइव्ह तिथूनच डेपोत गेला. त्याची दुपारची पाळी होती.