शालनमामीने घातलेलं बारसं

शालनमामीच्या घरात शिरायचं तर आधी तिच्या नाकाखालून जावं लागे. दार उघडलं की "हां कर" म्हणायची आणि तोंडाचा वास घ्यायची. मी पन्नाशीचा, चाळ कमिटीचा सेक्रेटरी. पण तंबाखू खाऊन तिच्याकडे जाताना जिन्यात वेलची चघळत उभा राहायचो. उपयोग शून्य. "वेलचीवाली नवीन निघाली काय रे?" म्हणत ती मला पंख्याखाली बसवायची. वास आलेल्या माणसाला हाकलायचं नाही, उलट पंख्याखालची जागा द्यायची, हा तिचा नियम. वास न येणारे सज्जन दाराशी घामाघूम.

मामी गेली त्याला वर्ष झालं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर लोकांना "थांबा, लाइन लागत नाही" सांगितल्यामुळे की काय, स्वतःला कुणी थांबा म्हटलेलं तिला खपत नसे. लालबागच्या आमच्या चाळीतल्या तिच्या खोलीत रोज सकाळी गरोदर आणि लेकुरवाळ्या बायका व्यसन सोडायला जमायच्या. कुणाला मशेरीची सवय, कुणाला गुटख्याची, दोघी-तिघी दारू पिणाऱ्या. वेळ सकाळची, कारण दातांवर मशेरी फिरवायची हुक्की तेव्हाच येते. नेमकी तेव्हा मामी त्यांच्यापुढे मोड आलेले वाल ओतायची. वाल सोलताना हात ओले आणि गुंतलेले, तोंड गप्पांत. सोडलीस का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. "आलीस ना? मग सोल," एवढंच. वालाचं बिरडं चाळभर इतकं पोचायचं की शेवटी माझ्या बायकोने विनवलं, मामी, एखाद दिवस मूग भिजवा.

चाळीचं नाव खराब होतंय, अशी कमिटीत कुरबुर होती. ते सांगायला मला पाठवलं. मी तासभर वाल सोलून, बिरड्याचा डबा घेऊन परत आलो.

आमच्याच चाळीतली रेश्मा तिथे आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. दारू प्यायची आणि दवाखान्यात लपवायची. आजपासून एकदम बंद कर, असं मामीने सांगितलं नाही. त्यात जिवाला धोका असतो. आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. बाहेरच्या बाकावर म्हणाली, "खोटं बोललीस तर औषध त्या खोट्या बाईला मिळेल, तुला नाही." रेश्मा खरं बोलली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सुटली. मग आठव्या महिन्यात, दिराच्या हळदीत, ती पुन्हा प्यायली. दुसऱ्या दिवशी तोंड लपवत आली, तर मामीने चटई झटकून तिला बसवलं, चहा पाजला आणि दोघी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या.

पण हळदीत सगळ्यांनी पाहिलं होतं. सासरच्यांनी ठरवून टाकलं: बाळ विरारला नणंदेकडे, रेश्मा गावाला. नवरा आईला हो म्हणाला आणि बायकोलाही हो म्हणाला. नणंद वैशाली वाईट नव्हती. भावाच्या मुलाची हेळसांड होईल ही तिची भीती खरी होती, आणि तिला स्वतःला मूल नव्हतं.

मुलगी झाली, वजनाला कमी. काही दिवस काचेच्या पेटीत होती. ते सगळे दिवस रेश्मा दवाखान्यात बसून राहिली, प्यायली नाही. बाळाला सोडतील त्याच दिवशी वैशाली न्यायला येणार, हे कळताच मामी माझ्याकडे आली.

"कमिटीच्या खोलीची चावी दे. सोडतील त्याच दिवशी बारसं आहे."

कमिटीला विचारावं लागेल, मीटिंग बोलावतो, म्हणालो.

"बोलाव. तोवर पोरगी दहावीला बसेल."

चावी दिली. म्हणजे माझ्या बायकोने माझ्या खिशातून काढून दिली.

मामीने पहिलं आमंत्रण वैशालीला धाडलं. मी हादरलो. नाव आत्याने ठेवायचं, म्हणजे बाळ तिच्याच हातात द्यायचं. मामी म्हणाली, "लपवलं तर ते चोरीचं मूल होईल. सगळ्यांसमोर देऊ, सगळ्यांसमोर घेऊ."

खोली सगळ्या वालवाल्यांनी भरून गेली. वैशालीने दारातूनच सुनावलं की बेवड्या आईच्या पोरीचं कसलं आलंय बारसं. रेश्माची मान खाली गेली. मामी उठली.

"दोन्ही पोरं पोटात असताना मी मशेरी लावली. धाकटा एवढासा झाला. मला कुणी गावाला धाडलं नाही, कारण मशेरी सासूच भाजून द्यायची. डबीतली ती सवय आणि बाटलीतलं ते पाप, होय गो?"

वैशालीच्या आईची, म्हणजे रेश्माच्या सासूची, मशेरीची डबी चाळीत सगळ्यांना माहीत होती. रेश्मा पुढे झाली आणि मुलगी वैशालीच्या हातांत दिली.

"हळदीत मी प्याले, वन्सं. डॉक्टरांना सांगितलंय. परत होणार नाही असं म्हणत नाही. झालं तर लपणार नाही. नाव ठेवा."

वैशालीने बाळाच्या कानात कुर्र केलं. तेव्हा आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायकांनी घातले, रीतीपेक्षा जरा जोरातच. सगळ्या हसल्या. वैशाली हसली नाही. बाळाला छातीशी धरून दाराकडे पाहत राहिली. दारात मी उभा होतो, म्हणजे तिला अडवणारं कुणीच नव्हतं.

मामीने हातसुद्धा पुढे केला नाही. "आत्याचा मान बाळाच्या कानापर्यंत," ती म्हणाली. "बाकीची पोर आईची."

वैशालीने दाराकडची नजर काढून बाळाकडे पाहिलं. मग खाली बसली आणि बाळ रेश्माच्या मांडीवर ठेवलं.

संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना मी मामीला विचारलं, समजा तिने नेलंच असतं तर?

"तर आम्ही सगळ्या विरारला तिच्या दारात जाऊन बसलो असतो," मामी म्हणाली. "आणि तुला पुढे बसवलं असतं, सेक्रेटरी म्हणून. चल, ते टोक धर."