उघडी ठेवलेली पाताळतोड

पाइपातून पाणी उसळून माणसाच्या उंचीच्याही वर गेलं, तेव्हा कामावरचा प्रत्येकजण हसत भिजत होता. मी मात्र वॉल्व्ह शोधत होतो.

सावद्याजवळच्या एका गावात सरकारी बोअर चालू होतं आणि मी ड्रिलिंग सुपरवायझर होतो, टेंपररी. त्या भागात खाली चिकणमातीच्या दोन थरांमध्ये वाळू असते. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी त्या वाळूत दाबाखाली राहतं. वरच्या थराला भोक पडलं की ते पंपाशिवाय वर येतं. आमचे साहेब त्याला आर्टेशियन म्हणत, गाव पाताळतोड म्हणे. अशा बोअरला ताबडतोब वॉल्व्ह बसवायचा असतो, नाहीतर सगळ्या वाळूतला दाब उतरतो.

गावातल्या बायका ओटी घेऊन आल्या. गावचे पुढारी नाना म्हणाले, "आपल्या पायानं आलेल्या गंगेचं तोंड बांधत नसतात."

साहेबांना ते सोयीचंच होतं. मुंबईहून पाहुणे यायचे होते, त्यांना कारंजं दाखवायचं होतं. दाब जाईल, असं मी एकदा बोललो.

"जमिनीच्या पोटातलं पाणी आहे. टाकीतलं नाही," साहेब म्हणाले.

माझी पर्मनंटची शिफारस त्यांच्याच हातात होती. मी वॉल्व्ह परत पेटीत ठेवला. पाणी रात्रंदिवस नाल्याला जात राहिलं.

शेजारच्या मळ्यात द्वारकाअक्कांची केळी नुकती निसवली होती, म्हणजे घड बाहेर पडत होते. या वेळी पाणी तुटलं की घड भरत नाही. त्यांच्या विहिरीच्या तळाला जुनं बोअर होतं, त्याच वाळूत उतरलेलं. विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं तशा त्या आमच्या कॅम्पवर आल्या. नाना तिथेच होते. म्हणाले, "अक्का, गंगा आमच्याकडे नांदायले आली, तर तुमी काहून रुसता?"

अक्कांनी तिकडे पाहिलंही नाही. "भाऊ, तुमच्या पाइपानं माह्या विहिरीचं पानी ओढलं का?"

"नाही अक्का. उन्हाळा आहे. विहीर खोल करून घ्या."

"तुमी म्हनता तर करते."

त्यांनी विहीर खोदली. खाली नुसती चिकणमाती लागली. केळी बोटाएवढीच राहिली आणि अक्कांनी उभी बाग कापून गुरांना घातली.

पाहुणे आलेच नाहीत. उन्हाळा सरता सरता आमचं पाणीही पाइपाच्या तोंडाखाली गेलं. मग साहेबांनी वॉल्व्ह बसवायला सांगितला. मी बसवला. मी पर्मनंट झालो.

पुढे एकदा सावद्याच्या बाजारात अक्का भेटल्या. मीच तोंड चुकवत होतो, त्यांनी हाक मारली. "तुमी भल्यासाठीच सांगितलं होतं, भाऊ. आमच्याच नशिबात नव्हतं."

मी मान डोलावली.

दाबातलं पाणी आधी बंद करायचं, मग पुढचं बोलायचं, हे मी नव्या सुपरवायझरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. कुठे शिकलो, असं त्यांनी विचारलं, तर पुस्तकात, असं सांगतो.