भोंग्यात घेतलेलं नाव

हमरस्त्याकडेच्या एका हॉटेलवाल्यानं घराएवढा सिमेंटचा भोंगा बांधलाय. त्याच्या बारक्या तोंडाशी ओरडलं की आवाज समोरच्या टेकडीवर जाऊन आदळतो. रविवारी मुलानं आम्हा सगळ्यांना तिथं नेलं.

जो तो आपलंच नाव ओरडत होता. माणसाला आपलं नाव ऐकायची केवढी हौस! आणि मी बायकोचं नाव जन्मात घेतलं नाही. लग्नात उखाणा घ्या म्हणाले, तर पाटावरून उठून गेलो. पुढं पन्नास वर्षं नुसतं "अगं" आणि "ऐकलं का". ती म्हणायची, "मलाही नाव आहे म्हटलं. एकदा तरी हाक मारा." दिवाळीत ती गेली.

सून म्हणाली, "मामंजी, तुम्हीपण ओरडा की."

"मी काय पोर आहे?" म्हणालो, आणि तोंड लावलं.

"सरस्वतीऽऽ!"

हॉटेलातली माणसं ताटावरून उठून बघायला लागली. टेकडीनं नाव जसंच्या तसं परत दिलं. नात नाचायलाच लागली. "आजोबा, आजीचं नाव सगळ्यात लांब गेलं!"

"जाणारच," मी म्हणालो. "पन्नास वर्षं छातीत दाबून ठेवलं होतं."

मागं रांग खोळंबली होती. खोळंबू दे. मी पुन्हा श्वास भरून घेतला.