नऊ महिन्यांचं जहाज

मुकुंदवाडीच्या रामकिसन दाभाडेने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही पोराच्या बोटीवरच्या कोर्सची चौकशी करायला मुंबईला गेला तेव्हा. पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाला, "लई पाणी हाय." त्यापलीकडे समुद्राशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी त्याच्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या जागी, गेली अडीच वर्षं एक तीन शिडांचं सागवानी जहाज उभं आहे, आणि टीव्ही बिचारा खाली स्टुलावर आलाय.

रामकिसन पॅटर्नमेकर. चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं त्याने हेच काम केलं. लोखंडी पार्ट ओतायचा तर आधी हुबेहूब तसाच लाकडी पार्ट लागतो; तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. लोखंड पुढे गाड्यांमध्ये बसून देशभर फिरतं, लाकडी पॅटर्न स्टोअरमध्ये धूळ खात पडतो. रामकिसनची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. आपलं काम बरोबर असलं की झालं, असा तो माणूस.

जहाज मात्र पोरासाठी, सम्यकसाठी. चौथीच्या सहलीत अजिंठ्याला गेलेलं हे पोरगं दोन नंबरच्या लेण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हतं, कारण तिथल्या चित्रात एक जहाज होतं. तीन उंच शिडं, मागे सुकाणू, रांजणांची ओळ, आणि वर हात जोडून बसलेला एक माणूस. पुढे पोरगा खरंच बोटीवर गेला, सेकंड ऑफिसर झाला. शेवटच्या वेळी निघताना म्हणाला, "बाबा, आता रिटायर झालात. ते अजिंठ्याचं जहाज करा की. नऊ महिन्यांनी येतो, तेव्हा शोकेसमध्ये दिसलं पाहिजे."

रामकिसनने नऊ महिन्यांचा हिशेब धरून काम लावलं. कारखान्यातून उरलेलं जुनं सागवान, शहागंजातून आणलेला मांजरपाट शिडांसाठी, रांजण लेथवर स्वतः कातलेले. आणि पहिल्याच महिन्यात त्याने अशी चूक केली जी फक्त पॅटर्नमेकरच करू शकतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच किंचित मोठा असतो. जन्मभर हातात तीच पट्टी. जहाज मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब झालं आणि शोकेसमध्ये मावेना.

"आकसलं की बसंल," तो फोनवर सम्यकला म्हणाला.

"बाबा, लाकूड नाही आकसत!" सम्यक इतका हसला की त्याची आई, आशाबाई, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. ते त्याचं शेवटचं मोकळं हसू.

त्यानंतर मालकाने बोट वाऱ्यावर सोडली. परक्या देशातलं बंदर, डिझेल नाही, शिधा नाही, मालक फोन उचलत नाही. कॅप्टन आजारी म्हणून आणि चीफ ऑफिसर मुदत संपली म्हणून आधीच उतरले होते. एके दिवशी तिथल्या कोर्टाचा माणूस कागद घेऊन चढला. बोटीवर आता वरिष्ठ तुम्हीच, बोटीचे प्रतिनिधी म्हणून सही करा. सम्यकने घरी फोन लावला.

आता इथे रामकिसनची एक गोष्ट सांगायला हवी. ऐन तारुण्यात त्याला कामावरून काढलं होतं. सात वर्षं तो कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढला, आणि कोर्टाने त्याला परत कामावर घ्यायला लावलं. तो निकाल त्याने लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय. जगात दोन गोष्टींवर त्याचा विश्वास: सुताराच्या गुण्यातला काटकोन आणि कोर्टाचा कागद. तो म्हणाला, "कोर्टाचा कागद हाय ना? मग कर बिनघोर सही. कोर्ट गरिबाचं वाईट नाय करीत."

पोराने सही केली. त्या सहीचा अर्थ नंतर कळला. बोट विकली जाईपर्यंत सही करणाऱ्याने बोट सोडायची नाही. बाकीचे खलाशी एकेक करून घरी गेले. उरला सम्यक, आणि त्याला एकट्याला कसं टाकायचं म्हणून मागे थांबलेला अप्पाराव नावाचा आचारी, श्रीकाकुळमकडचा, पंचावन्नचा. लिलाव दोनदा लागला, दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं नाही. गंजलेली बोट घेणार कोण?

रामकिसनने हातपाय मारले नाहीत असं नाही. कलेक्टर कचेरी झाली, औरंगपुऱ्यात एका वकिलाकडून इंग्रजी अर्ज लिहून घेतले, दिल्लीला रजिस्टर पोस्टाने पाठवले. सगळीकडून उत्तर एकच, पाठपुरावा चालू आहे. पाठपुरावा म्हणजे काय, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. शेजारच्या सरूबाई म्हणाल्या, वेरूळला घृष्णेश्वराला नवस बोला. रामकिसनने हात जोडून नको म्हटलं. त्याने बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या होत्या, देवपूजा करणार नाही ही त्यातलीच, आणि त्या तो पाळत होता.

सरूबाई गेल्यावर आशाबाई म्हणाल्या, "मलाबी प्रतिज्ञा पाठ हायत. पण मला माझं लेकरूबी पायजे. मी काय करू, सांगा की तुम्ही."

चार भिंतींत बसून, इतक्या लांबच्या पोरासाठी काहीही करता येत नाही, हे रामकिसनला कळून चुकलं होतं. हात मात्र रिकामे राहीनात. मग तो जहाजाकडे वळायचा. खरं तर ते नऊ महिन्यांतच पुरं झालं होतं, पण पोरगा आला नाही, तर पुरं झालं असं म्हणायचं तरी कसं? तो डोलकाठी उतरवायचा, पुन्हा घासायचा. शिडं उसवून पुन्हा शिवायचा. त्यातला माणूस तेवढा बाकी होता. कोरलेला होता, पण हातांच्या जागी नुसतंच लाकूड ठेवलं होतं. चित्रात ते हात जोडलेले आहेत. रामकिसनची पटाशी तिथे येऊन थांबायची.

बोटीवर रविवारी तासभर जनरेटर लागे, तेवढाच सम्यकचा फोन. दर रविवारी चार वाजता. व्हिडिओत पोरगा दिवसेंदिवस आत जात होता. गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. लाकूड नाही आकसत म्हणून हसलेलं पोरगं स्वतःच आकसत चाललं होतं, आणि बाप हातात पट्टी घेऊन बघत होता.

मग एका रविवारी फोन सकाळी अकरालाच आला. आशाबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या.

"आई नाहीये ना घरात?" सम्यकने आधी तेच विचारलं. "बाबा, काल बंदरातला एजंट आला होता. माझ्याजागी दुसऱ्या कोणी सही केली, तर कोर्ट मला सोडतंय. आठ दिवसांत घरी."

रामकिसन उभाच राहिला. "मग? दुसरं कोण हाय?"

"अप्पारावच. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणतो, साब, तुम्ही कर म्हणालात तर करतो. एजंट म्हणतो, त्याला फार सांगत बसू नका. माझ्याच्यानं ठरत नाही, बाबा. आई हो म्हणेल, म्हणून तुम्हाला विचारतोय. सांगू का त्याला, कर म्हणून?"

तीस महिन्यांत रामकिसनला कोणी काही विचारलं नव्हतं. कलेक्टर कचेरीत तर बस म्हणूनही नाही. आणि आज पोराचं सुटणं त्याच्या एका शब्दावर आलं होतं. हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. त्याने कपाटाकडे पाहिलं, ज्यात तो लॅमिनेट केलेला निकाल होता, आणि मागच्या वेळी आपण काय बोललो होतो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं.

"त्याला किती लेकरं?"

"तीन मुली."

"मग असं कर," रामकिसन म्हणाला, आणि आवाज आपला नाही असं त्यालाच वाटलं. "कागदात काय लिव्हलंय ते समदं त्याला वाचून दाखव. त्याला समजंल अशा भाषेत. काय बी लपवू नको. मग त्यानं सही करावी का नाय, ते त्याचं त्याला ठरवू दे."

"मला वाटलंच, तुम्ही हेच म्हणाल," सम्यक म्हणाला. रागावून नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

आशाबाई परत आल्या तेव्हा रामकिसन जहाजाजवळ बसून होता. त्याने त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या दुपारी त्याने सागवानाचा नवा तुकडा घेतला आणि दुसरा माणूस कोरायला बसला. जरा बुटका, पोट सुटलेला, डोक्याला फडकं. चित्रात असा कोणी नाही. रांजणांजवळ त्याला जागा करावी लागली, म्हणून एक रांजण काढून टाकला.

चार दिवसांनी, जेवणाच्या वेळेला मेसेज आला. जनरेटरचा दिवस नव्हता. कोणाकडून तरी फोन चार्ज करून घेतला असणार. रामकिसनने चष्मा शोधला आणि आशाबाईंकडे पाठ करून वाचला. सम्यकने लिहिलं होतं: 'सगळं वाचून दाखवलं. अप्पाराव नाही म्हणाला. खूप रडला, पाया पडत होता माझ्या. तेव्हापासून भात आधी मला वाढतो आणि स्वतः कमी घेतो. नको म्हटलं तरी ऐकत नाही.'

त्याने दोनदा वाचलं. मग फोन उपडा ठेवला.

"सम्यकचा हाय का? काय म्हणतो?" आशाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"जेवतोय म्हणं," रामकिसन म्हणाला. "पोटभर."

"चला, तेवढं तरी बरं झालं," आशाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली.