नावं संपेपर्यंत थांबायचं

झाशीत मराठी माणसं मोजकी, आणि रविवारी दुपारची झोप सोडून पिक्चर बघायला येणारी त्याहून मोजकी. तरीही आमच्या मंडळाच्या खोलीत किस्से साठत जातात, मोरीत न धुतलेले कप साठावेत तसे. कुणीतरी कधीतरी ते विसळायला हवेत. आज मी बसले आहे.

आधी आमची पद्धत सांगते. एका रविवारी युद्धावरचा माहितीपट. ही मोठ्यांची निवड. पुढच्या रविवारी कॉमिकमधल्या, झगा घालून उडणाऱ्या हिरोचा पिक्चर. ही पोरांची निवड. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर माझ्याकडे, कारण इतिहासात एम.ए. करून घरी बसलेल्या मुलीला मंडळात दुसरं काय काम देणार! पिक्चरच्या शेवटी नावं वर सरकायला लागली, की एकेकाने उभं राहून आपलं मत द्यायचं. मराठीत. जो हिंदीत घसरला, तो सगळ्यांचे कप धुणार.

अकरावीतली तन्वी जवळपास दर रविवारी कप धुते. तिचे बाबा फौजेत, बदली होऊन इथे आलेले. तिचं पहिलं मत आम्हाला अजून पाठ आहे. "मला पिक्चर बहुत... म्हणजे खूप अच्छा... आवडला ना यार!"

"कप तिकडे आहेत," गोरे सर म्हणाले.

गोरे सर बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्यांचे झाशीकर. त्यांना आजवर कुठलाही पिक्चर आवडलेला नाही. लढाई असो की उडणारा हिरो, त्यांचं मत एकच. "संगीत फार होतं."

*

रिसालदार जगताप काका आयुष्यभर रणगाड्यांवर होते. रणगाड्याला ते 'गाडी' म्हणतात, आपण दारातल्या स्कूटरला म्हणावं तसं.

एकदा माहितीपटात एक म्हातारा सैनिक आपल्या मेलेल्या मित्राबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याचा आवाज गेला. खोलीत सगळे डोळे पुसत होते. तेवढ्यात मागून काका गरजले, "ही गाडी तेव्हा नव्हतीच! मागे बघा, त्याच्या मागे!"

"काका, माणूस रडतोय हो," गोरे सर कळवळून म्हणाले.

"रडू दे की! पण चुकीच्या गाडीसमोर कशाला रडतोय?"

तेव्हापासून पडद्यावर रणगाडा आला, की आम्ही पडद्याकडे न बघता काकांकडे बघतो. पुढच्याच रविवारी उडणाऱ्यांच्या पिक्चरमध्ये एका राक्षसाने अख्खा रणगाडा एका हाताने उचलला, डोक्यावर गरागरा फिरवला आणि चंद्राच्या दिशेने भिरकावला. आम्ही श्वास रोखून मागे वळलो.

काका गंभीरपणे म्हणाले, "गाडी बरोबर आहे. चालू दे पुढे."

*

काकांचा सगळ्यात जीव एका जुन्या गाडीवर. तिला ते 'म्हातारी' म्हणतात. तिच्यावर ते शिकले. ती आता फौजेत कुठेच नाही, पण तसलीच एक रंग देऊन बबीन्याच्या, म्हणजे झाशीजवळच्या लष्करी छावणीच्या, चौकात चौथऱ्यावर ठेवली आहे. रुंद, बुटकी, एखादी आजी उंबऱ्यावर पाय पसरून बसावी तशी.

"आधी ती रिटायर झाली," काका सांगतात. "मग मला करमेना. मग मीही झालो."

*

कमल काकू बबीन्याहून बसने येतात. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन तिथेच राहिले होते. आता ते नाहीत. काकू एकट्याच असतात. त्या फक्त माहितीपटाच्या रविवारी यायच्या, सगळ्यात पुढे बसायच्या, आणि त्यांचंही मत ठरलेलं असायचं. "फार घाईत दाखवतात."

एकदा एकाच लढाईवरचा इतका लांबलचक माहितीपट होता, की निम्मी खोली घोरत होती. नावं सुरू झाली. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फार घाईत दाखवतात!" तन्वी इतकी हसली की तिचा चहा सांडला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकू, अजून किती सावकाश दाखवायचं?"

"अगं, चेहरे बघायला वेळच देत नाहीत," काकू म्हणाल्या.

मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक प्रशांतही रणगाड्यांवर होता. एक दिवस त्याचा फोन आला. "आई, आमच्याकडे शूटिंगवाले आले होते. मी गाडीतून हात केला. पिक्चरमध्ये येणार बघ मी!" त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाळवंटात सराव चालू असताना त्याची गाडी उलटली.

"कुठल्या पिक्चरमध्ये, ते विचारायचं राहिलं," काकू म्हणाल्या.

काकूंनीच तन्वीचा सांडलेला चहा पुसला. "फोटो आहेत गं घरी. पण फोटोत तो हलत नाही ना. एकदा हलताना बघायचाय."

*

मी पेटले! दिसेल त्याला फोन केले, मेल केले, ग्रुपवर टाकलं. आपल्या देशात सैनिकाचं शूटिंग करायला परवानगी मिळते, पण ते कुठे दाखवलं हे त्याच्या आईला सांगायला माणूस मिळत नाही. फोनवरच्या प्रत्येक 'देखते हैं जी' ला माझं डोकं फिरत होतं. शेवटी त्या धंद्यातला एकजण सरळ बोलला. "मॅडम, ऐसे शॉट्स सबके काम आते हैं. कहीं भी लगे होंगे."

मी चिडून हे खोलीत सांगितलं. रिसालदार काकांनी शांतपणे विचारलं, "कुठेही म्हणजे कुठेही?"

"कुठेही."

"मग सगळेच बघू. चल, लाव."

*

तन्वीच्या परीक्षेमुळे एकदा रविवारांची अदलाबदल झाली, आणि काकूंना कळवायचं राहून गेलं. त्या येऊन बसल्या, तर पडद्यावर झगेवाला! उठून जाणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी तो उडताना, आपटताना, इमारतींतून आरपार जाताना पाहिला. मताची वेळ आली. काकू उभ्या राहिल्या. "याची आई कुठे असते?"

"काकू, वो तो पहिल्याच सीनमध्ये मेली," तन्वी म्हणाली.

काकूंनी क्षणभर विचार केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या दिवशी गोरे सरांनाही संगीत आठवलं नाही.

काकू पिशवी उचलायला लागल्या, तर तन्वीने त्यांचा हात धरला. "काकू, अभी नहीं! नावं संपल्यावर अजून एक सीन येतो. खरे फॅन उठत नाहीत." काकू थांबल्या. नावं सरकत राहिली, पडदा काळा झाला, आणि खरंच, मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला एकजण ढिगाऱ्यातून उठून बसला!

काकू बघतच राहिल्या. "म्हणजे संपलं असं वाटलं तरी उठायचं नाही?"

"बिलकुल नाही," तन्वी म्हणाली आणि कप धुवायला गेली.

पुढच्या रविवारी माहितीपट होता. नावं लागली, मतं झाली, आम्ही खुर्च्या उचलायला लागलो. काकू मात्र पडद्यावरून नजर न हलवता बसून. नावं संपली, पडदा काळा झाला, तरी बसून. माहितीपटात तसं काही नसतं, हे त्यांना सांगायचं कुणी? मी तोंड उघडलं, तर रिसालदार काकांनी मला नुसता हात दाखवला, चौकातल्या पोलिसासारखा. मग स्वतः खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसले.

तेव्हापासून काकूंची पाचची बस दर वेळी चुकते. मग काका त्यांना स्कूटरवरून पुढची बस मिळेल तिथे सोडतात आणि येऊन तन्वीवर ओरडतात, "पोरी, त्या दिवशी तुझं तोंड बंद राहिलं असतं तर!"

*

मंडळाच्या भिंतीवर प्रशांतचा फोटो लावायचं ठरलं. फोटोखाली काय लिहायचं यावर सभा बसली. गोरे सर म्हणाले, "युद्ध नव्हतं, सराव होता. 'शहीद' लिहिता येईल का, नियम बघावा लागेल." मी ताडकन उठले. वाळवंटात जीव गेला त्याला तुम्ही कसले नियम लावता, असं बरंच काही बोलले. सरही तापले. कुणी मधे पडेना.

काकू म्हणाल्या, "नुसतं प्रशांत लिहा. नावाने हाक मारली तरच तो उठायचा."

विषय संपला. त्यांनी एक फोटो वर्दीतला आणला होता, आणि दुसरा उगाच दाखवायला, मोबाइलमध्ये. बबीन्याच्या चौकातला. चौथऱ्यावरच्या रणगाड्यावर पाच-सहा वर्षांचा प्रशांत बसलाय, तोंडाला आइस्क्रीम लागलंय.

"अरे, म्हातारी!" रिसालदार काका हरखले. फोटो बोटांनी मोठा करून करून बघत राहिले. "माझी रिटायर झालेली म्हातारी आणि तिच्यावर हा एवढासा पठ्ठ्या!"

*

माझं आणि खोटेपणाचं जमत नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. एका माहितीपटात लढाईची खरी दृश्यं म्हणून चक्क नट उभे केले होते. कपड्यांना इस्त्रीच्या घड्या! मी पिक्चर मधेच बंद केला. "खोटंच दाखवायचं असेल तर सरळ झगा घाला आणि उडा! निदान तो फसवत तरी नाही!"

"जाऊ दे गं, अनू," गोरे सर म्हणाले. "लोकांना बरं वाटतं."

"बरं वाटण्यासाठी खोटं? या खोलीत नाही चालणार, सर!"

"बरोबर बोलतेय पोरगी!" रिसालदार काकांनी मांडीवर थाप मारली. "या खोलीत खोटी गाडी चालणार नाही. मग समोर कुणी का असेना!"

*

आता शेवटचा.

मे महिना. कूलर नुसता घरघरत होता, हवा गरमच. वीज दोनदा जाऊन आली होती. रणगाड्यांवरचाच माहितीपट होता, सगळ्या काळातले तुकडे जोडून केलेला. वाळूतून एक रांग चालली होती. पहिल्या रणगाड्याच्या झाकणातून एक मुलगा कमरेपर्यंत बाहेर आलेला, डोक्याला टोप, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर धूळ. त्याने कॅमेऱ्याकडे बघून हात केला. हसला.

"थांबव," काकू म्हणाल्या.

मी थांबवलं.

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांची सावली त्या मुलावर पडली, तशा त्या पटकन बाजूला झाल्या. "अनू, जरा मागे घे गं. आता सोड. सावकाश."

मी सावकाश सोडलं. त्या मुलाचा हात हळूहळू वर गेला. दात दिसले. हात खाली आला.

"डावा हात," काकू म्हणाल्या. "बघितलंत? डावखुरा होता माझा."

तन्वी रडायला लागली. मी मुलाकडे बघत होते, मग माझी नजर खाली गेली. त्याच्याखाली रुंद, बुटकी, पाय पसरून बसल्यासारखी म्हातारी होती.

एकेक करून सगळ्यांनी मागे वळून रिसालदार काकांकडे बघितलं. काका खुर्चीच्या कडेवर आले होते. तोंड उघडं होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"सोड पुढे, अनू," ते म्हणाले.

पिक्चर संपला. नावं सुरू झाली. मतं द्यायलाच हवीत, पद्धत आहे. गोरे सर आधी उठले. "आज संगीत अगदी हवं तेवढं होतं," ते म्हणाले.

तन्वी म्हणाली, "मला तो हात करणारा दादा सगळ्यात जास्त आवडला. त्याचं हसणं फार छान आहे." एकही शब्द हिंदी नव्हता. तरी ती कप गोळा करायला लागली.

काका उठले. "गाडी..." ते म्हणाले. आम्ही कुणी हललो नाही. "गाडी फार चांगली चालली होती. पोराची मांड पक्की आहे."

मग माझी पाळी. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यात जास्त काका.

"खरी फिल्म आहे," मी म्हटलं.

काकू उठल्या. आज त्या घाईबद्दल काही बोलल्या नाहीत. पदराने चेहरा पुसला, पिशवी घेतली, चपला शोधल्या.

"काकू, थांबा ना," तन्वी हातातले कप तसेच धरून म्हणाली. "अजून नावं संपायची आहेत."

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "आज पाचची बस मिळेल मला."